कतारमध्ये खोर अल अदैदला, म्हणजे वाळवंटात आत शिरलेल्या समुद्राकडे, ग्रुपबरोबर पहिल्यांदाच गाडी नेतोय. टायरमध्ये हवा किती ठेवू?

साधारण १५ ते १८ पीएसआय. सीलाईनला डांबरी रस्ता सोडण्याआधीच हवा काढा. टायर पसरतो, वाळूत कमी रुततो. परतताना आधी हवा भरायची, मगच हायवे.

वाळूची टेकडी सरळ चढा, सरळ उतरा. उतारावर आडवी घातलीत तर गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

माझी पहिल्याच खेपेला रुतली, तीही टेकडीवर नाही, समुद्राजवळच्या सपाट जागेत! तिला सबखा म्हणतात. वर पांढरट मिठाची पापडी, खाली चिखल. तिथे पुढच्या गाडीची चाकोरी सोडू नका. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. खाली उतरा, फावड्याने चाकापुढची वाळू काढा. फावडं स्वतःचं न्या, ग्रुपमध्ये ‘कोणीतरी आणेल’ असंच सगळ्यांना वाटतं.