काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता किती वर्षं टिकेल?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की गावचा ५ किलोमीटरचा रस्ता ३ वर्षांपूर्वी डांबरी झाला, अजून गुळगुळीत आहे, तर तो कधी उखडेल हे आधीच काढता येईल का? येतं. पण ग्रामीण रस्त्यांवर अख्खी नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो, आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडे रस्त्याचं वय डांबरावर दिसत नाही. आधी नालीत उतरून बघा.

काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. रस्त्याच्या मधोमध ओल टिकते, कडा मात्र सुकतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यात कडेने लांबच लांब भेग पडते. काठावर बाभूळ असेल तर जरा आधीच, कारण तिची मुळं ओल ओढून घेतात. जूनमध्ये त्याच भेगेतून पाणी खाली जातं. चार दिवस भिजवून सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद, काढला तर ही माती बहुधा २ ते ४ टक्क्यांतच येते, म्हणजे गिट्टीखाली चिखलच समजा. पहिली भेग पडायला काही वर्षं लागतात. तिथून खड्ड्यापर्यंत एखाद-दोन पावसाळे पुरतात.

वजनाचं गणित अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीतून आलं: नुकसान एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घातात वाढतं. ८.१६ टनांचा एक्सल एक धरला, तर १२ टनांचा एक्सल त्याच्या साडेचार पटींहून जास्त झिजवतो. मोटारसायकली हिशेबातच नाहीत. कापसाच्या गाड्या निदान कोरड्या दिवसांत चालतात; रेतीचा भरलेला टिप्पर ओल्या रस्त्यावर चढला की खेळ वेगळा. अर्थात इलिनॉयमध्ये हिवाळ्यात जमीन गोठायची, आपल्याकडे उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे चिकटवू नका. एचडीएम-४ हे सॉफ्टवेअर भेगा, चाकोरी, खड्डे, खडबडीतपणा वर्षागणिक काढून देतं, पण त्याचेही गुणक आपल्या भागासाठी आधी जुळवून घ्यावे लागतात.

माझाच एक अंदाज सपशेल फसला होता. रहदारी कमी, काम चांगलं, म्हणून एका रस्त्याला मी ७ वर्षं दिली. दुसऱ्याच पावसाळ्यात २०० मीटर गेला. कुणीतरी ट्रॅक्टर वावरात उतरवायला नालीत माती लोटली होती, पाइप न टाकता. पंधरा दिवस पाणी तुंबलं. कोणत्या सूत्रात हा रकाना असतो सांगा!

म्हणून तुम्ही वही घाला. रस्त्याचे १०० मीटरचे ५० तुकडे करा, दर मेच्या शेवटी पायी फिरा, प्रत्येक तुकड्याला शेरा द्या: ठीक, भेगा, खड्डे. शेजारी नाली वाहते की बुजली, तेही लिहा. समजा यंदा ४० तुकडे ठीक आहेत आणि पुढच्या मेमध्ये त्यातले ३२ ठीक राहिले, तर टिकण्याचं प्रमाण ०.८. त्यापुढच्या वर्षी साधारण २६, मग २० राहतील. पुस्तकात याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. खड्डे-भेगा बुजवून दुरुस्त केलेला तुकडा वेगळा मोजा, नाहीतर रस्ता कागदावर तरुण होत जातो. एका वर्षावर विसंबू नका, पाऊसमान दरसाल सारखं नसतं.

भेगेत तुऱ्हाटीची बारीक काडी घालून बघा. गावरस्त्यावर कारपेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, बहुधा २० मिलिमीटरचं असतं. काडी त्याखाली गेली तर दुखणं मातीतून वर आलंय. तो तुकडा मी पहिल्या यादीत टाकेन.

आणि रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. तुमची २ उरलीत. या मेमध्येच फोटोसकट लेखी अर्ज द्या, भेगा पावसाआधी भरून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.