व्हेडर खोटं बोलतोय का?

प्रश्न : ताई, 'स्टार वॉर्स'मधली 'द अ‍ॅकोलाइट' ही मालिका माझ्या मुलीनं आणि मोठ्या भावानं पाहिली आणि तेव्हापासून घरात वाद पेटलाय. भाऊ म्हणतो, फोर्स ही अदृश्य शक्ती वापरून बाप नसलेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या, म्हणजे असाच बापाविना जन्मलेल्या, पुढे खलनायक व्हेडर होणाऱ्या अ‍ॅनाकिनचं वेगळेपण संपलं आणि सगळी मूळ कथाच मोडीत निघाली. मुलगी म्हणते, मामाला नवं काही चालतच नाही. मी कुणाची बाजू घेऊ?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी भाऊरायांना विचारा, 2005 चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ' त्यांनी नीट पाहिलाय का? त्यात कपटी पॅल्पटीन नाट्यगृहात अ‍ॅनाकिनला शेजारी बसवून डार्थ प्लेगस या जुन्या सिथची, म्हणजे फोर्सचा दुष्ट वापर करणाऱ्याची, गोष्ट सांगतो. हा प्लेगस मिडीक्लोरियन, म्हणजे फोर्सशी जोडणारे पेशींतले सूक्ष्म जीव, हाताशी धरून जीव निर्माण करू शकायचा म्हणे. अ‍ॅनाकिनच्या जन्मामागे कुणाचा तरी हात असेल, ही शंका तिथेच पेरली गेली, आणि ती पेरली 'स्टार वॉर्स'चा कर्ता खुद्द जॉर्ज लुकासनं. 2024 मध्ये मालिकावाल्यांनी त्याच वाटेनं आणखी चार पावलं टाकली, एवढंच.

आणि मोडीत काढण्याबद्दल म्हणाल, तर ते काम 1980 पासून चालू आहे. 1977 च्या पहिल्या चित्रपटात ओबी-वान हा म्हातारा जेडाय, म्हणजे फोर्स जाणणारा योद्धा, नायक ल्यूकला स्वच्छ सांगतो की, व्हेडरनं तुझ्या वडिलांचा खून केला. दुसऱ्या भागाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट या लेखिकेनं 1978 मध्ये लिहिला, त्यात ल्यूकच्या वडिलांचं भूत येऊन त्याला भेटतं. व्हेडर वेगळा, वडील वेगळे. बाप-लेकाचं नातं आलं त्यानंतर, लुकासच्या हातून. चित्रीकरणातही ते इतकं लपवलेलं होतं की, व्हेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझला 'ओबी-वाननं तुझ्या वडिलांना मारलं' असं भलतंच वाक्य दिलं होतं. 'मीच तुझा बाप' हे खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात चढलं, आणि ते हाती आल्यावर जोन्सलाही वाटलं होतं की व्हेडर थाप मारतोय.

तिकडच्या प्रेक्षकांनी हाच प्रश्न तीन वर्षं चघळला. आमच्या सांगलीत तो एका रात्रीत सुटायचा! मी तेव्हा कॅसेट लायब्ररी चालवायचे. कॉलेजची मुलं दुसऱ्या भागाची कॅसेट परत करताना काउंटरवरच विचारायची, "ताई, तो खोटं बोलतोय ना?" मी काही न बोलता तिसऱ्या भागाची कॅसेट पुढे सरकवायचे. भाडं पुन्हा वसूल. चिडायला वेळच मिळत नसे कुणाला. वाट पाहण्याच्या त्या तीन वर्षांत माणूस आपल्या मनात आपली एक कथा रचून ठेवतो, आणि नवा भाग आला की भांडण त्या कथेशी होतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

म्हणून 'आधीच्याशी जुळतं का?' ही माझी कसोटीच नाही. नव्या माहितीनंतर जुना प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतो का, एवढंच मी बघते. व्हेडर बाप निघाला आणि पहिल्या चित्रपटातलं ओबी-वानचं ते साधं वाक्य अवघड होऊन बसलं. बोलण्याआधी तो क्षणभर थांबतो, तिथे आता आपलं लक्ष जातं. 2016 च्या 'रोग वन'नंही तेच साधलं. डेथ स्टारसारख्या, ग्रह उडवणाऱ्या अजस्र यंत्राला जेमतेम दोन मीटरचं भोक का ठेवलं, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं विनोद केले होते. तो दोष गेलन अर्सोनं, ते यंत्र बांधणाऱ्यांतल्याच एका शास्त्रज्ञानं, जाणूनबुजून ठेवला होता, असं या चित्रपटानं सांगितलं. आता ते यंत्र उडवायला ल्यूक त्या भोकावर धरतो तो नेम बघताना अर्सो आठवतोच.

याउलट 1999 च्या चित्रपटातले मिडीक्लोरियन. क्वाय-गॉन हा जेडाय पोरवयातल्या अ‍ॅनाकिनचं रक्त तपासायला पाठवतो, आकडा येतो वीस हजारांच्या वर, योडापेक्षाही जास्त. जी शक्ती दलदलीत बसलेला म्हातारा योडा श्रद्धेनं शिकवत होता, तिचा पॅथॉलॉजी रिपोर्ट निघाला! तेव्हा चिडलेल्यांत मीही होते आणि आजही त्यांच्याच बाजूची आहे.

'अ‍ॅकोलाइट'चं काय? जेडायांच्या मठाबाहेरही कुणी बायका फोर्सला आपल्या नावानं ओळखतात, आपल्या रीतीनं वापरतात, ही कल्पना मला फार आवडली. पण आठच भागांची मालिका, त्यात जुळ्यांचं घर उद्ध्वस्त झालं त्या एका रात्रीची हकीकत तिसऱ्या आणि सातव्या भागात दोनदा दाखवायची म्हणजे हात आखडतातच. ऑगस्ट 2024 मध्ये पुढचा सीझन होणार नाही असं ठरलं, तेव्हा कितीतरी धागे लोंबकळत राहिले. भावानं तक्रार करायचीच तर ती या मांडणीबद्दल करावी.

किआडी-मुंडीच्या जन्मसालावरून झालेला गोंधळ मात्र हद्द होती. उंच डोक्याचा तो जेडाय मालिकेच्या चौथ्या भागात क्षणभर दिसतो, आणि त्या सालानुसार तेव्हा तो जन्मलेलाच नव्हता. त्याचं वय कुठल्याच चित्रपटात सांगितलेलं नाही, ते जुन्या पूरक साहित्यातलं. तरी चाहत्यांच्या ज्ञानकोशात ते साल बदलणाऱ्यांना धमक्या आल्या!

मुलीलाही सांगा, मामांच्या पिढीला नवं चालत नाही असं सरसकट नसतं. जार जार बिंक्स हे विदूषकी पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्टला 1999 मध्ये लोकांनी इतकं छळलं की, त्याच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते, हे त्यानंच पुढे सांगितलं. तोच बेस्ट 2023 मध्ये 'द मँडलोरियन'मध्ये छोट्या ग्रोगूला वाचवणारा जेडाय होऊन आला. ही नवीच माहिती होती, आणि पन्नाशीतल्या चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्न : 2014 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून वगळल्या, असं समजलं. माझ्याकडे कपाटभर आहेत. रद्दीत घालू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. त्यांना 'लेजंड्स' असं नाव दिलं आणि बाजूला ठेवलं, जाळल्या नाहीत. शिवाय त्यातलं चांगलं ते हळूहळू परत उचलतात. टिमथी झानच्या 1991 च्या कादंबरीतला सेनापती थ्रॉन 2016 मध्ये 'रेबेल्स' या कार्टून मालिकेत आला, 2023 मध्ये 'असोका' मालिकेत हाडामांसाचा होऊन आला. राजधानीच्या ग्रहाचं कोरुसांट हे नावही झानचंच, ते तर 1999 पासून पडद्यावर आहे. सगळ्यांच्या लाडक्या केसाळ चुबॅकावर चंद्र कोसळतो ती 1999 ची कादंबरी तुमच्याकडे असेल, तर ती मात्र अधिकृत नाही याचा आनंद माना.

प्रश्न : ल्यूकची जुळी बहीण लेया म्हणते, तिला आई थोडीशी आठवते. आई तर बाळंतपणातच गेली ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, 1983 मध्ये आठवते म्हणाली, 2005 मध्ये आई तिथेच गेली. फोर्समुळे आठवली असेल, असं चाहते म्हणतात. मला विचाराल तर लुकास विसरला.