तिसरीच्या वर्गात फ्रेंच

प्रश्न : आमच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीपासून फ्रेंच सुरू करावे, असा पालकांचा आग्रह आहे. महाविद्यालयात मी फ्रेंच शिकले; लहान मुलांना मात्र कधी शिकवलेले नाही. मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि जोडीला इंग्रजी आहेच. सुरुवात कोठून करावी? फ्रेंच शब्द फळ्यावर देवनागरीत लिहून दिले तर चालतील का?
– एक शिक्षिका, डिचोली तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. देवनागरीत लिहून देऊ नये. (या स्तंभात मला तसेच लिहावे लागते आहे, ही छपाईची अडचण समजावी.) फ्रेंचमध्ये रस्त्याला 'र्‍यू' आणि चाकाला 'रू' म्हणतात, त्यांपैकी पहिल्या शब्दातला स्वर आपल्या लिपीत बसतच नाही. ओठ 'ऊ'साठी गोल करून आतून 'ई' म्हणायला सांगा, की मुले हसत हसत दोन मिनिटांत तो काढतील. 'यू' असे एकदा वहीत लिहिले, तर तोच चुकीचा उच्चार दहावीपर्यंत सोबत राहील. रोमन लिपीचीही घाई नको, कारण इंग्रजी वाचणारे मूल 'पारी'चा हटकून 'पॅरिस' करते. पहिली सहामाही केवळ ऐकण्या-बोलण्यात जाऊ द्यावी.

चौथ्या भाषेचे ओझे होईल, ही भीती मला तितकीशी पटत नाही. फ्रेंचमधले नाकातले स्वर इतरांना जड जातात; घरी 'हांव' आणि 'तूं' म्हणणाऱ्या मुलाचे नाक त्यासाठी आधीच तयार असते. शिवाय पाव, साबण, चावी, नाताळ हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आले, आणि पोर्तुगीज व फ्रेंच या दोघी लॅटिनच्या लेकी. त्यामुळे फ्रेंचमधले 'पँ', 'साव्हों', 'क्ले' आणि 'नोएल' हे त्यांचे मावसभाऊच ठरतात. कोकणीतले 'इस्कोल' फ्रेंचमध्ये 'एकोल' होते, 'इगर्ज' म्हणजे चर्च 'एग्लीझ' होते. पहिल्याच तासाला साबणाची वडी, चावी आणि पाव टेबलावर मांडून ठेवा व नाव सांगण्याआधी मुलांना अंदाज करू द्या.

मात्र कोणताही शब्द एकटा शिकवू नये. त्याच्यासोबत लिंग दाखवणारे 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) आलेच पाहिजे. तो साबण 'ल साव्हों' आणि ती चावी 'ला क्ले', इथवर मराठी साथ देते. पुढे फ्रेंचला नपुंसकलिंगच नसल्यामुळे ते पुस्तक 'ल' घेते, ते टेबल 'ला' घेते, आणि आपला चंद्र तर चक्क स्त्रीलिंगी होतो : 'ला ल्यून'. नियम सांगण्यापेक्षा ही गंमत सांगावी, ती विसरली जात नाही. 'त्यू' आणि 'व्हू' यांतला फरक समजावण्याची गरजच नाही; शेजारच्या मुलाला 'तू' आणि बाईंना 'तुम्ही' म्हणणे मुलांना ठाऊकच असते.

आकडे वीसपर्यंत पुरेत. 80 ला 'चार वीस' म्हणण्याचा प्रकार पुढच्या वर्षी.

आठवड्यातून एक सलग तास मिळत असेल, तर मुख्याध्यापकांना विनंती करून त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे करून घ्या. पालक परीक्षेविषयी विचारतीलच. लहान मुलांसाठी 'डेल्फ प्रीम' नावाची परीक्षा आहे, पण तिच्यात लेखनही तपासले जाते; तेव्हा मुले रोमन लिपीत फ्रेंच लिहू लागेपर्यंत तिचा विषय काढू नये.