लहानपणी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या भावाला नोकरी, विमा, लग्नात अडचण येईल का?

भावाला सातव्या वर्षी ल्युकेमिया झाला, आता तो 24 वर्षांचा आहे, पुढचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंय. मला सहाव्या वर्षी झाला होता. आज नोकरी करते, संसारही आहे.

आधी त्याची जुनी फाईल शोधा. माझी फाईल आईने साड्यांच्या घडीत जपली होती. डिस्चार्ज कार्डावरची शाई पुसट झाली होती, तरी औषधांचे डोस वाचता आले. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधांचा हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून अधूनमधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं 'ॲक्ट' क्लिनिक आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा तर अशा तरुणांचाच गट. तिथे त्याला नक्की पाठवा, एकटेपणा जातो.

विम्याच्या फॉर्मवर आजार लपवू नका, नंतर क्लेम अडकतो. एकाने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज करा.

लग्नाचं मात्र अवघड असतं, खोटं कशाला सांगू? माझं एक स्थळ सगळं ठरल्यावर मोडलं, कारण घरच्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत मी स्वतः सांगितलं. समोरच्याने एवढंच विचारलं, "आता औषधं चालू आहेत का?" मूल होण्याबद्दल शंका असेल तर भावाने तपासणी आत्ताच करून घ्यावी, बोलणी सुरू होण्याआधी उत्तर हातात असलेलं बरं.