डॅलसला जायचं तर जा, पण आधी विचार: कर भरतं कोण?

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही. डॅलसची नोकरी घेऊ की मिनिआपोलिसची, एवढंच विचारलं असतंस तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण पुढे तू लिहिलंयस, की डॅलस ज्या टेक्सासमध्ये आहे तिथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, म्हणजे राज्य सरकार ना श्रीमंताच्या पगाराला हात लावत ना गरिबाच्या. "यात अन्याय कुठे आहे, काकू?" कॉलेजात असताना दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला जाणारा मुलगा हे विचारतो, याचं मला वाईट वाटलं. गणित तुला येतं, मग नीट मांड की!

भरतं कोण? आणि त्याच्या कमाईतला किती हिस्सा भरतं? दर विचारू नकोस, हिस्सा विचार.

टेक्सासलाही शाळा, रस्ते, पोलीस लागतात. इन्कम टॅक्स लावायचा नाही, असं तिथल्या मतदारांनी २०१९ साली राज्यघटनेतच लिहून ठेवलं. मग पैसा येतो कुठून? मुख्यतः सेल्स टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्समधून. सेल्स टॅक्स राज्याचा ६.२५ टक्के, शहराचा वगैरे धरून ८.२५ पर्यंत. ज्या बाईची वर्षाची कमाई पंचवीस हजार डॉलर आहे, तिच्या हातात महिनाअखेरीस काही उरत नाही. किराणा वगळला तर मुलांचे बूट, साबण, गाडीचा टायर, सगळ्यावर ती कर देते. शिवाय घरमालकाचा प्रॉपर्टी टॅक्स तिच्या भाड्यातून वसूल होतो, तो तिला कुठल्या पावतीवर दिसतही नाही. तू दीड लाख मिळवशील, त्यातले निम्मे गुंतवशील. गुंतवलेल्या पैशावर सेल्स टॅक्स नाही. दुकानातला दर दोघांना सारखा आहे, हिस्सा सारखा नाही.

इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने २०२४ च्या जानेवारीत सगळ्या राज्यांचा हा हिशेब मांडला, राज्याचे आणि स्थानिक असे सगळे कर धरून. टेक्सासमधली सर्वांत गरीब वीस टक्के माणसं कमाईतले १२.८ टक्के भरतात, सर्वांत श्रीमंत एक टक्का ४.६. फ्लोरिडात हेच आकडे १३.२ आणि २.७ आहेत. गरिबाच्या खिशातून पाचपट हिस्सा जातो, आणि त्या राज्याला सगळे 'टॅक्स-फ्री' म्हणतात. टेनेसीत तर राज्य किराण्यावरही ४ टक्के घेतं. हे वाचून तुला संताप येत नसेल तर मी पुढे लिहिणंच व्यर्थ आहे.

टेक्सासने २०२३ मध्ये प्रॉपर्टी टॅक्सची मोठी सवलत दिली, राहत्या घराच्या किमतीतले एक लाख डॉलर शाळांच्या करातून वगळले. घर ज्याच्या मालकीचं, त्याला फायदा. भाड्याने राहणाऱ्या त्या बाईला थेट काहीही नाही. सवलतीची बातमी वाचलीस तरी हाच प्रश्न विचारायचा, कोणाला?

आणि इन्कम टॅक्स आहे म्हणजे न्याय आहे, असंही घोकू नकोस. पेनसिल्व्हेनियात आहे, पण सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के, त्याच संस्थेच्या यादीत ते राज्य न्यायाच्या बाबतीत खालून चौथं आहे. उलट अलास्कात इन्कम टॅक्स नाही, पण राज्याचा सेल्स टॅक्सही नाही. तेलाच्या पैशातून १९८२ पासून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला लाभांश मिळतो, त्यामुळे गरिबावरचा भार बराच हलका होतो. राज्याकडे पैसे कुठून येतात हे तुझ्या ऑफिसातल्या लोकांना बघायचंच नसतं, फक्त पगाराच्या स्लिपवरचा एक रकाना रिकामा हवा असतो.

आता तुझा टोमणा. "काकू, तुम्ही स्वतः इतकी वर्षं बेलव्ह्यूमध्ये राहता, तिथेही इन्कम टॅक्स नाही." बरोबर आहे. आमच्या वॉशिंग्टन राज्याने आम्हा दोघांच्या पगारांवर कधी एक डॉलर इन्कम टॅक्स घेतला नाही. म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे, कारण माझ्या वाट्याचं कोण भरत होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दर वसंतात ग्रंथालयात बसून मी कमी कमाईच्या लोकांचे रिटर्न मोफत भरून देते. हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई माझ्यापेक्षा मोठा हिस्सा देते, हे समजल्यावर गप्प कशी बसू?

वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी १९३२ मध्येच इन्कम टॅक्स मंजूर केला होता, जवळपास ७० टक्के मतांनी. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मग २०१० मध्ये पुन्हा प्रस्ताव आला: एकट्याची कमाई दोन लाखांच्या वर, जोडप्याची चार लाखांच्या वर असेल तरच कर, आणि बदल्यात राज्याचा प्रॉपर्टी टॅक्स वीस टक्के कमी. मी त्याच्या प्रचारासाठी दारोदार फिरले. आपल्याच मराठी घरांत, ज्यांना तो कर कधी लागणार नव्हता, तिथे चहा देऊन मला सांगितलं गेलं, "आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर." प्रस्ताव आपटला, ६४ टक्के विरोधात. त्यातली काही घरं मला कायमची तुटली. त्याची खंत आहे, पण फिरले त्याची नाही.

पुढे २०२१ मध्ये भांडवली नफ्यावर, म्हणजे शेअर वगैरे विकून होणाऱ्या नफ्यावर, ७ टक्के कर आला, अडीच लाखांच्या वरच्या नफ्यावर. घराची विक्री आणि निवृत्तीची खाती वगळून. तो न्यायालयात टिकला. २०२३ पासून कमी कमाईच्या कुटुंबांना रोख परतावा सुरू झाला. त्याच संस्थेच्या २०१८ च्या हिशेबात आमच्याकडचा गरीब कमाईतले १७.८ टक्के भरत होता, देशात सर्वांत वाईट. २०२४ मध्ये १३.८. अजून लाजिरवाणंच आहे, पण हललं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो नफ्यावरचा कर रद्द करायचा प्रस्ताव आला, तेव्हा ६४ टक्के लोकांनी तो फेटाळला. चौदा वर्षांपूर्वीचाच आकडा, या वेळी आमच्या बाजूने. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे, त्या मिनेसोटाचा इन्कम टॅक्सचा वरचा दर ९.८५ टक्के बघून तू दचकलास. तुझ्या पगाराला तो लागणारही नाही, तक्ता नीट वाच. त्याच राज्याने २०२३ मध्ये कमी कमाईच्या घरांना प्रत्येक मुलामागे १,७५० डॉलरपर्यंत द्यायला सुरुवात केली, कर शून्य असला तरीही.

डॅलसचं काम जास्त आवडत असेल तर खुशाल जा, तिथेही चांगली माणसं लागतात. गेलास तर मतदान करता येईपर्यंत थांबू नकोस. शहराच्या बजेटच्या सुनावणीला कोणीही जाऊन बसू शकतं. रविवारी फोन कर. दोन्ही ऑफरची पत्रं आणि दोन्हीकडच्या भाड्याचे आकडे समोर ठेव, आणि त्यांच्या शेजारी पंचवीस हजार कमावणाऱ्या त्या बाईचा हिशेबही मांडून ठेव. तुझ्या हिशेबाआधी आपण तिचा बघू.

तुझी,
काकू