संत्र्या-लिंबाची साल : खावी की टाकावी?

साल किसून रोज सरबतात घालतेस आणि सालीत रसापेक्षा जास्त जीवनसत्त्व क असतं म्हणतेस, ते खरं आहे. १०० ग्रॅम संत्र्याच्या सालीत साधारण १३६ मिलिग्रॅम, गरात ५३. तंतूही सालीत चौपट. पण १०० ग्रॅम साल खातं कोण? चमचाभर किसात ५-७ मिलिग्रॅम मिळालं तर मिळालं. तेवढं संत्र्याच्या एका फोडीच्या रसातूनही येतं. साल घालायची ती वासासाठी. वरच्या रंगीत थरातल्या बारीक पिशव्यांत तेल असतं, संत्र्यात त्यातलं बहुतेक लिमोनीन, म्हणजे वास देणारं द्रव्यच.

त्याखालचा पांढरा भाग आपण उगाच खरवडून काढतो. पेक्टिन (जॅम घट्ट करणारा तंतू) आणि हेस्पेरिडिन (लिंबूवर्गीय फळांतलं एक वनस्पतिद्रव्य) मुख्यतः तिथेच असतं. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा तर मी मुलांना काढूच देत नाही. बिया मात्र काढाच. मी एकदा मोसंबी बियांसकट मिक्सरमधून काढली. सकाळी गोड लागलेला रस दुपारी तोंडात धरवेना. रस काढल्यावर आम्लामुळे लिमोनिन नावाचं कडू द्रव्य (वरचं वासाचं लिमोनीन वेगळं) तयार होत जातं, म्हणून हा कडूपणा उशिरा येतो.

आता फवारणीचं. फळ तोडल्यावर बुरशी लागू नये म्हणून इमाझालिल, थायाबेंडाझोल ही बुरशीनाशकं लावतात, वरून मेणाचा हात देतात. हे बहुतांशी सालीतच राहतं, गरात फार थोडं उतरतं. म्हणजे सोलून खाणाऱ्याला फारशी चिंता नाही, किसणाऱ्याला आहे. युरोपात अशा फळांवर काय लावलंय ते लिहावं लागतं. आपल्याकडे चकचकीत परदेशी संत्रं दिसलं की मी किसणी बाजूला ठेवते.

खायच्या सोड्याच्या पाण्यानं सगळं जातं, हेही अर्धंच खरं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर हे करून पाहिलं. १२-१५ मिनिटांत वरवरचं औषध निघालं, सालीत मुरलेलं राहिलं. लिंबाच्या सालीत तर तेल, त्यात औषध मुरतं, त्यामुळे मला तरी जास्त आशा नाही. लोणच्याच्या मिठानंही ते जात नाही. लोणच्यासाठी मी ओळखीच्या बागेतली कागदी लिंबंच आणते. ती डागाळलेली असली तरी चालतात.

आणि हो, साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नकोस. लिंबाच्या सालीतल्या द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.