ॲरिझोनातल्या सवारो नॅशनल पार्कमध्ये रिसोर्स मॅनेजमेंटची इंटर्नशिप मिळतेय, पण काम फक्त गवत काढायचं आहे. एमएस करताना असल्या कामात उन्हाळा घालवावा का?

जरूर घालवा. पण मनात ‘फक्त गवत’ असेल तर ती जागा दुसऱ्याला मिळू द्या.

ते गवत म्हणजे बफेलग्रास, आपलं अंजन. आपल्याकडे चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात. ॲरिझोनातही १९३० च्या दशकात चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला आणलं. सोनोरन वाळवंटात झाडाझुडपांमध्ये उघडी जमीन असते, म्हणून आग लांब जात नाही. अंजन नेमकी तीच जमीन व्यापतं. ते वाळून पेटलं की आग सलग धावते आणि सवारो निवडुंग होरपळून मरतात. या निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात.

आधी ओळख पक्की करा. कणसातले दाणे बोटांनी ओरबाडा. उरलेली काडी खरखरीत लागली तर अंजन. टँगलहेड, कॉटनटॉप ही तिथली गवतं लांबून फसवतात. पिकलेली कणसं आधी पिशवीत भरा, मगच पहार लावा. पहार ठोंबाच्या बुडाखाली तिरपी घालून उचकटा. ठोंब गड्ड्यासकट वर यायला हवा; नुसती पाती हातात आली तर तो पुन्हा फुटतो. मुळांची माती झटका, खड्डा पायाने दाबून टाका.

ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं तर निम्म्याहून जास्त पाती हिरवी हवीत. वाळलेल्या पातीवर मारलेलं औषध मुळापर्यंत पोचतच नाही. हिरवाई येते जुलै ते सप्टेंबरच्या पावसानंतर, तीही थोडे आठवडे. कुठे फवारलं ते दिसावं म्हणून औषधात निळा रंग मिसळतात.

‘इतके एकर साफ केले’ असं अहवालात लिहून मोकळं होणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. मातीतलं बी तीन-चार वर्षं उगवत राहतं. पुढच्या पावसानंतर त्याच उतारावर कोणी फिरकलं नाही, तर आदल्या वर्षीची मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीचे जीपीएस नकाशे मागा. प्रत्येक तुकड्याची हद्द, गवताने व्यापलेली टक्केवारी, तारीख, उपटलं की फवारलं, किती माणसांनी किती तास, सगळं नोंदवा. काहीच सापडलं नाही तर तेही लिहा. ती नोंद एकरांच्या आकड्यापेक्षा मोलाची. जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि नोंदींची ही शिस्त पुढे नोकरीत कामाला येते.

हो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर होकार कळवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात सीपीटीचं, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीचं विचारा. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसाला चार लिटर पाणी जवळ ठेवा. चोया निवडुंगाचे काटे हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा. आणि राहण्याची, गाडीची सोय लेखी घ्या. पार्कचे दोन भाग टक्सनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत, मधे अख्खं शहर.